मागच्या सीटवरचं वजन

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते बहुतेक चुका काढायला. कुठे वारा असतो, कुठे उपाशी पोट असतं, कुठे नुसती भीती. ग्वाल्हेरला दाल बाजारात माझं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. तराजू, प्लॅटफॉर्म काटे, आता बहुतेक इलेक्ट्रॉनिक. जे काट्यावर येत नाही ते मी धरत नाही, हा माझा धंदा आणि हाच माझा स्वभाव. त्यामुळे हे लिहायला मीच बसलोय, याचं माझं मलाच नवल वाटतंय. पण नीला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुम्ही लिहा, नाही तर मी लिहीन. आणि मी लिहिलं तर तुम्ही मला घाटात टाकून गेलात, एवढंच लिहीन."

तेव्हा लिहितो. जसं झालं तसं.

आमच्याकडे टँडम आहे, म्हणजे दोघांची सायकल. एकाच फ्रेमवर पुढे-मागे दोन सीटा, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या. दिल्लीचं एक जोडपं विकत होतं, त्यांच्याकडून घेतली. पुढचा माणूस हँडल, ब्रेक, गिअर सांभाळतो, मागचा फक्त पेडल मारतो. दोन्ही पेडल एका साखळीने जोडलेली असतात. एक फिरलं की दुसरं फिरणारच. सायकल एकोणीस किलो, मी अठ्ठ्याहत्तर, नीला त्रेसष्ट. (नीलाचा आकडा तिच्या परवानगीने. आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "लिहा, त्यावरच तर सगळं आहे.")

इंदरगंजच्या चौकातून ही सायकल गेली की एक वाक्य ऐकू येतंच येतं - "अंकल, पीछे वाली आंटी पैडल नहीं मार रही!" एकही फेरी त्याशिवाय गेलेली नाही. नीला प्रत्येक वेळी उलट ओरडते, "भैया, आगे वाले अंकल को ही ढो रही हूँ!"

माझा डावा कान कमी ऐकतो, आणि वाऱ्यात तर दोन्ही सारखेच. म्हणून आमची खूण ठरलेली आहे. पाठीवर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. थांबल्यावर निघायची रीतही ठरलेली. मी दोन्ही पाय जमिनीवर टेकून, ब्रेक दाबून सायकल धरतो. ती मागे बसते, पाय पेडलवर ठेवते, पेडल उलटं फिरवून माझ्या पायाखाली आणून देते, आणि मग दोन थापा. मी मागे बघत नाही. बघायची गरजच पडत नाही.

न बघण्याचं आणखी एक कारण आहे. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहिले. घरात तलवार नाही, जमीन नाही, त्या काळातली एक सवय तेवढी उरली आहे. घाट चढताना मागं वळून बघायचं नाही. माथ्यावर पोचल्यावर वळायचं, आणि तेव्हा आपली माणसं मोजायची. माझे बाबा स्कूटरवरही हे पाळायचे. माझा त्यावर विश्वास वगैरे काही नाही, पण मान वळत नाही, हेही खरं.

नीला पुरोहितांच्या घरातली. लग्न झाल्यावर हा नियम ऐकून तिने सासऱ्यांसमोरच विचारलं होतं, "म्हणूनच तुमच्याकडची निम्मी माणसं वाटेत हरवली का हो?" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता घाटाबद्दल. ग्वाल्हेरहून नरवरच्या बाजूला जाताना पठारावर चढणारे दोन-तीन जुने घाट आहेत. मोठा रस्ता दुसरीकडून झाला तसे ते ओस पडले. डांबर उखडलेलं, दोन्ही बाजूंना खैर आणि करधईची झाडं, वाहन क्वचित. आम्ही जिला खैरघाटी म्हणतो ती त्यातली सर्वात शांत. खरं नाव सांगत नाही, शांतता टिकावी म्हणून. चढ सहा किलोमीटर. बरोबर निम्म्यावर एक चुना लावलेला चबुतरा आहे, माणसाच्या कमरेइतका उंच आणि बैलगाडीइतका लांब. कुणाचा, ते ठाऊक नाही. त्याच्या पुढे माथ्यापर्यंत सात वळणं, आणि सहाव्या वळणावर रस्ता सगळा खडीच झालेला.

तीन वर्षांत आम्ही या भागातले सगळे घाट चढलो. खैरघाटी राहिली. दोनदा गेलो, दोन्हीदा नीलाचे गुडघे चबुतऱ्याच्या पुढे टिकले नाहीत. मग डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही गुडघे बदलायचे. तारीख ठरली. घरी आल्यावर नीला चहा गाळताना म्हणाली, "त्याआधी खैरघाटी."

"नंतर कर की. डॉक्टर म्हणाले ना, नवीन गुडघ्यांनीही सायकल चालवता येते."

"नवीन गुडघ्यांनी चढले तर गुडघे चढले. मला चढायचंय. जन्मल्यापासून जे मिळालेत त्यांच्यावर."

मुलगी सई पुण्याला असते. तिने फोनवर ऐकलं आणि ती सरळ हिंदीतच शिरली. "आई, तू पागल है क्या? ऑपरेशन के एक हफ्ता पहले? बाबा, आप कुछ बोलते क्यों नहीं?"

बाबा काय बोलणार! मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गुडघे तसेही काढायचेच आहेत, दुखलं की थांबा, आणि एकदाच. मग नीलाने नियम केले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सायकलवरच. मध्ये फक्त चबुतऱ्याशी थांबायचं. वरच्या दिशेने एक पाऊलही चालायचं नाही. चाललं की संपलं, घाट राहिला तो राहिला.

थंडीचे दिवस होते. टँडम छोट्या टेम्पोत घालून सकाळी पायथ्याला आलो. धुकं उतरलं होतं, ऊन चांगलं पडलं होतं. टेम्पोवाला गाडीतच पाय पसरून झोपला. आम्ही निघालो.

चबुतऱ्यापर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे. पुढच्या तीन चक्रांपैकी सर्वात छोट्यावर, अगदी हळू. नीलाचा जोर कधी लागतो, कधी सुटतो, ते मला पायातून कळत होतं. टँडमवर मागच्या माणसाचं दुखणं पुढच्याच्या पायात येतं. चबुतऱ्याशी थांबलो. मी सायकल धरून, तोंड चढाकडे. ती उतरली. डाव्या बाजूने काहीतरी म्हणाली. मला वाटलं, पाणी पिते म्हणतेय.

थोड्या वेळाने सायकल मागून दबली. कुणी बसलं की दबते तशी. मग मागून पेडल उलटं फिरलं आणि माझ्या उजव्या पायाखाली येऊन थांबलं. मग पाठीवर दोन थापा.

मी निघालो.

आता जे लिहितोय ते तेव्हा जाणवलेलं आहे, नंतर सुचलेलं नाही. पहिली गोष्ट - थापा वर पडल्या, उजव्या खांद्यापाशी. नीला ठेंगणी, तिची थाप नेहमी डाव्या कमरेवर असते. मला वाटलं, पेडलवर उभी राहिली असेल. दुसरी गोष्ट - जोर. मागून असा एकसारखा जोर येत होता की पहिल्या वळणानंतर मी साखळी मधल्या, जड चक्रावर घेतली. चढावर! मला इतका आनंद झाला... मोठ्याने म्हणालो, "वा नीला, आज काय खाऊन आलीस!" उत्तर नाही. मला वाटलं, दम राखतेय.

तिसऱ्या वळणाला विचारलं, "गुडघे? थांबूया?" खांद्यावर दोन थापा.

चौथ्या वळणावर एक बाई शेळ्या घेऊन दगडावर बसली होती. मला वाटलं, आता आलंच ते पैडलचं वाक्य. पण ती उठून उभी राहिली आणि पदर पुढे ओढून घेतला, पार हनुवटीपर्यंत. मी "राम राम" म्हटलं. ती नुसती वाकली.

पाचव्याला पुन्हा विचारलं. दोन थापा. सहाव्या वळणावरची खडी आम्ही अशी पार केली की मागचं चाक एकदाही घसरलं नाही. आणि सातवं संपलं, चढ सपाट झाला, खिंडीचा वारा तोंडावर आला. मला रडू येत होतं. तीन वर्षं! मी पाय टेकला आणि नियमाप्रमाणे वळलो. माणसं मोजायला.

मागची सीट रिकामी होती.

त्या क्षणी माझ्या डोक्यात भूत-बीत काही आलं नाही. एकच आलं - नीला पडली. कुठल्यातरी वळणावर पडली, आणि मी गेलो निघून. दरीच्या बाजूला कठडा नाही. फोनला रेंज नाही. मी सायकल फिरवली आणि उतरलो. प्रत्येक वळणावर थांबून कडेला वाकून बघत होतो, हाका मारत होतो.  शेळ्यावालीला विचारायचं होतं, पण त्या वळणावर मी फक्त दरीत बघत होतो. ती तिथे होती की नव्हती, शपथेवर सांगू शकत नाही.

नीला चबुतऱ्यावर बसली होती. पाय लोंबकळत, हेल्मेट मांडीवर. एक लाडू खाऊन झाला होता, दुसरा हातात होता.

"या," ती म्हणाली. "झाला घाट?"

 मी तिचे हात-पाय चाचपून बघितले.

"अहो, काय करताय? मी इथेच आहे. मी म्हटलं नव्हतं का, निकॅप सरकलीय, मागे जाऊन नीट करते? निकॅप बसवून येते तर तुम्ही आपले निघालेले. केवढ्याने ओरडले! म्हटलं, वळणावर कळेल. नाही कळलं. एकोणतीस वर्षं संसार केलेली बायको सायकलवर नाही, आणि दाल बाजारचा काटेवाला आपला चाललाय मजेत!"

"तू थापा मारल्यास," मी म्हणालो.

"मी चबुतऱ्याच्या मागे होते. थापा कुणाला मारू, चबुतऱ्याला?"

"सायकल दबली. पेडल फिरलं, नीला. माझ्या पायाखाली आलं."

तिने माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करत नाही, मला ती जमतही नाही, हे तिला माहीत आहे. "मी बघितलं तेव्हा सीट रिकामी होती," ती हळू म्हणाली. "पण तुम्ही असे गेलात... मी घरी बडबडते ना, तुम्ही चढावर बैलासारखे डोलता म्हणून? आज डोलत नव्हतात. सरळ गेलात."

मग तिने लाडूचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि हात झटकले. "चला. माझा घाट राहिलाय."

मी म्हटलं, आता नको. माझे पाय संपलेत. तू गारठली आहेस, गुडघे आखडले असतील.

"म्हणजे मी इतका वेळ इथे कशाला बसले? तुम्हाला शोधायला वर चालत यावं असं मला वाटलं नसेल? दहा वेळा वाटलं. पण वरच्या दिशेने एक पाऊल टाकलं असतं तर नियम मोडला असता. जागची हलले नाही मी. धरा सायकल."

मला आयुष्यात पुष्कळ गोष्टींचा अभिमान वाटलाय. मुलीची नोकरी, आमच्या काट्यांची अचूकता. पण चबुतऱ्यावरून पाय सोडून उतरणाऱ्या त्या बाईकडे बघताना जे वाटलं ते त्या सगळ्याहून जड होतं.

या वेळी मी वळून, डोळ्यांनी बघून खात्री केली. ती बसली, सायकल दबली, पेडल आलं, डाव्या कमरेवर दोन थापा. छोट्या चक्रावर निघालो. आणि हा चढ वेगळाच होता. प्रत्येक फेरी मोजून घेतल्यासारखी. तिचा श्वास मला कमी ऐकू येणाऱ्या कानानेही ऐकू येत होता. दुसऱ्या वळणाला तिने "आई गं" म्हटलं. मी विचारलं, थांबूया? कमरेवर दोन थापा, जरा रागानेच.

चौथ्या वळणावर शेळ्यावाली होती. डोक्यावरचा पदर मागे पडलेला, तोंड उघडं. आम्हाला बघून ती खो-खो हसली आणि शेळ्यांनाच सांगितल्यासारखं ओरडली, "ओ भैया, पाछें वारी तो पैर ही नईं चला रई!"

नीलाला उत्तर द्यायला दम नव्हता. ती नुसती म्हणाली, "हिला... नंतर... बघते."

सहाव्याला खडीत चाक थोडं घसरलं पण धरलं. सातव्याच्या तोंडाशी मात्र आम्ही जवळजवळ उभे राहिलो. सायकल डुगडुगायला लागली. एवढ्या कमी वेगात टँडम पडते, हा हिशेब आहे. मी ओरडलो, "नीला, टेकतो पाय, पुरे!" तिने हँडलवरचा हात काढला - मला ते जाणवलं, सायकल हलली - आणि दोन थापा मारल्या. मी पाय टेकला नाही.

आणि खिंडीचा वारा आला.

मी वळलो. माणसं मोजली. दोन. बरोबर.

ती बराच वेळ सीटवरून उतरलीच नाही. हँडलवर डोकं ठेवून बसून राहिली. मला वाटलं रडतेय. डोकं वर केलं तर हसत होती. "लिहून ठेवा," म्हणाली, "जुन्याच गुडघ्यांनी."

खाली उतरताना शेळ्यावाली दिसली नाही. चबुतऱ्याशी नीलाने थांबायला लावलं. डब्यात एकच लाडू उरला होता, तो तिने चुन्याच्या कट्ट्यावर ठेवला. पुरोहितांची मुलगी, पण तिने कधी असलं काही केलेलं मी बघितलं नव्हतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"त्या बाईने तुमच्यासमोर घुंगट घेतला, तुम्हीच सांगितलंत."

"घेतात इथल्या बायका. परका पुरुष दिसला की घेतात."

"मग दुसऱ्यांदा का नाही घेतला? तुम्ही तर तेच होतात." तिने डबा बंद केला. "घुंगट वडीलधाऱ्यांसमोर घेतात हो. पूर्वी न वळता वर गेले ना तुमचे लोक, त्यांच्या मागे कुणीतरी राहिलं असेल इथे. किती वर्षांनी कुणीतरी घरचं थांबलं आणि मागे बघितलं नाही. बसलं बिचारं." मग सीटवर चढता चढता म्हणाली, "पण माणूस चांगला हं. वर पोचल्यावर माझी जागा मला सोडली. बसमध्ये कुणी सोडत नाही."

हे तिचं मत. माझं नाही. म्हणून नीलाचं ऑपरेशन होऊन ती घरी आल्यावर, एका रविवारी मी टँडम घेऊन एकटा खैरघाटीला गेलो. पडताळणी केल्याशिवाय मी काटासुद्धा परत देत नाही.

रिकाम्या मागच्या सीटने, छोट्या चक्रावर, पाच वळणं चढता येतात. कबूल. मधल्या चक्रावर मी दुसऱ्या वळणापुढे गेलो नाही. आणि सहाव्या वळणावर, खडीत, छोट्या चक्रावरही मागचं चाक जागच्या जागी फिरलं. पुन्हा केलं, पुन्हा फिरलं. चाकावर भार नसेल तर ते खडी धरत नाही, यात जादू नाही. मग मागच्या कॅरिअरवर चाळीस किलोची वजनं बांधली - माझ्याच दुकानातली, अचूकतेचा शिक्का असलेली, टेम्पोतून नेलेली - तर चाक धरू लागलं. पण तेवढं ओझं घेऊन सहा-सात पेडलांत माझा दम संपला. म्हणजे त्या सकाळी मागे भार होता, आणि तो भार नुसता बसलेला नव्हता, पेडल मारत होता. मोजमाप एवढंच सांगतं. कोण, हे ते सांगत नाही. चबुतऱ्याशी मी पुष्कळ वेळ सायकल धरून, चढाकडे तोंड करून उभा राहिलो. काही दबलं नाही, काही फिरलं नाही. लाडूही नव्हता, पण ते शेळ्यांचं काम असू शकतं.

कुणी म्हणेल, कानाचा दोष, मनाचा खेळ. मीही दुसऱ्याला हेच म्हटलं असतं. पण त्रेसष्ट किलोचा फरक मला कळला नाही, हे मी मान्य करू शकत नाही. आमच्याकडे पन्नास ग्रॅमवरून भांडणं होतात.

नीला आता काठीशिवाय चालते. व्यायामाला बसवलेल्या जागच्या सायकलवर पेडल मारते, आणि ती सायकल पुढे जात नाही म्हणून तिला शिव्या देते. माझ्यात एक बदल झालाय. निघण्याआधी मी आता वळून बघतो. घाटातही. बाबांनी माफ करावं. मोजणी शेवटीच करायची हे ठीक आहे, पण सुरुवातीलाही केली तर आकडा जुळायला मदत होते.

दुकानात आमचा खिंडीतला फोटो लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, मी सगळ्यांना सांगतो. त्या सकाळी पहिल्या खेपेला मागच्या सीटवर किती वजन होतं, ते मला माहीत नाही. कधी कळेल असं वाटतही नाही. दुसऱ्या खेपेला मात्र त्रेसष्ट किलो होतं, आणि ते नीलाने स्वतःच्या जुन्या गुडघ्यांवर माथ्यापर्यंत नेलं. त्यावर मी शिक्का मारून देतो.